दोषाची वाटणी

(धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढे नाटकाविषयी चार शब्द बोलणार आहो. पेरणी तोंडावर आली, बियाण्याचा भाव चढला, आणि हे गृहस्थ नाटकाचे काय घेऊन बसले, असे कोणाच्या मनात आले असेल तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पोटाचा प्रश्न आधी, हे आम्हांसही कबूल आहे. परंतु घरात वाटणीचा तंटा उभा राहिला, सासरी गेलेल्या लेकीने विहीर जवळ केली, किंवा कामावरचा गडी दगावला, म्हणजे पहिला प्रश्न उठतो तो हाच की, दोष कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात नाही आणि जोशीबुवांच्या पंचांगातही नाही. नाटककारांनी मात्र या प्रश्नाचा पुष्कळ शोध केलेला आहे, व तो विशेषेकरून श्रीमंतांच्या घरात शिरून केलेला आहे. तेव्हा तो आपण ऐकून घ्यावा हे बरे.

शिवाय नाटक ही काही पुण्यामुंबईची मिरास नव्हे. २०१७ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आपल्याच या शहरी भरले होते. तेव्हा शहराचे नाव उस्मानाबाद होते, आता धाराशिव आहे. तेव्हा हा विषय आपल्या दारचाच आहे असे समजून ऐका.

आरंभी आपल्या तेरचीच एक कथा घेऊ. गोरोबा काका जातीचे कुंभार, चाकावर पोट भरणारे. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट करून विचारले की, हे काय असते? काका म्हणाले, याने मडके थापटून कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताबाई म्हणाली, मग इथे बसलेली मडकी थापटून पाहा. काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोका दिला. सारे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे आहे असा निकाल झाला. पुढे काय झाले ते ध्यानात ठेवा. नामदेव रुसले खरे, परंतु थापटणे खोटे आहे असे म्हणत बसले नाहीत. ते विसोबा खेचरांकडे गेले, आपला कच्चेपणा त्यांनी ओळखला, आणि नामदेवांची थोरवी त्यापुढची आहे. तात्पर्य, कच्चे निघण्यात लाज नाही. कच्चे निघाल्यावर पुन्हा आव्यात जाण्यास जो तयार असतो तो पक्का होतो.

आता हेच थापटणे एका श्रीमंताच्या घरी कसे फिरले ते सांगतो.

विलायतेत जे. बी. प्रीस्टली नावाचा नाटककार होऊन गेला. त्याचा जन्म १८९४ साली ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरी झाला, म्हणून मालक व मजूर ही दोन्ही माणसे त्याने जवळून पाहिलेली. त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एक नाटक लिहिले. त्याचे नाव ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’, म्हणजे फौजदार दारी येतो. ते पहिल्याने १९४५ साली रशियात झाले व १९४६ साली लंडनमध्ये. नाटकातला काळ मात्र १९१२ सालचा आहे.

बर्लिंग नावाचा एक कारखानदार आहे. त्याच्या मुलीची, शीलाची, सोयरीक जेराल्ड क्रॉफ्ट नावाच्या दुसऱ्या मोठ्या कारखानदाराच्या मुलाशी ठरली आहे. मेजवानी चालली आहे. बर्लिंग जावयाला व मुलाला उपदेश करतो आहे की, माणसाने आपले व आपल्या घरचे पाहावे. सगळ्यांनी सगळ्यांचे पाहावे हे वेडेपणाचे बोलणे आहे. इतक्यात फौजदार येतो आणि सांगतो की, इव्हा स्मिथ नावाची एक तरुण पोर विषारी औषध पिऊन मेली. घरचे म्हणतात, आमचा काय संबंध? फौजदार एकेकाला थापटू लागतो.

बर्लिंगच्या कारखान्यात ती पोर कामाला होती. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत. तिने व तिच्या सोबतिणींनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांसाठी संप झाला, तो मोडला, आणि पुढे बोलणारी म्हणून तिला काढून टाकले. मग ती एका कापडाच्या दुकानी लागली. तिथे शीला एक झगा घालून पाहत होती. तो झगा आपल्याला शोभत नाही हे पाहून ही पोर हसली असा शीलाला संशय आला, आणि तेवढ्यावरून तिने मालकाला धमकावून तिचे काम घालवले. पुढे जेराल्डने तिला काही महिने ठेवले आणि सोडले. मग बर्लिंगचा मुलगा एरिक दारू पिऊन तिच्या वाटेला गेला. तिला दिवस गेले. एरिकने तिला पैसे दिले ते बापाच्या पेढीतून चोरून. चोरीचे आहेत असे कळताच त्या पोरीने ते घेण्याचे नाकारले. शेवटी ती बायकांच्या एका धर्मादाय मंडळाकडे मदत मागावयास गेली. त्या मंडळात बर्लिंगची बायको मोठी मानकरीण. तिने मदत नाकारली व वर म्हणाली की, पोराचा जो बाप असेल त्याला धरा, खरा दोष त्याचा. तो बाप आपलाच पुत्र आहे हे तिला पुढे कळले!

आता पाहा, यांपैकी कोणीही त्या पोरीच्या घशात विष ओतले नाही. कायद्याच्या पुस्तकाने पाहिले तर एरिकची चोरी सोडून फारसा गुन्हा सापडावयाचा नाही. प्रत्येकाने एकेक लहानसा धक्का दिला व बाजूला झाला. प्रत्येकजण म्हणू शकतो की, मी एवढेच केले. पाच जणांचे ‘एवढेच’ एकत्र झाले आणि एक जीव गेला. दोषाची खरी मोजणी इथे आहे. कायद्याचा गुन्हा एकेकाचा धरला जातो. समाजाचा दोष मात्र बेरजेत असतो, आणि बेरीज करावयास कोणी बसत नाही म्हणून तो कोणाच्याच अंगाला लागत नाही.

पुढचा भाग याहून मोलाचा आहे. फौजदार निघून गेल्यावर जेराल्ड चौकशी करतो तो कळते की, असा फौजदार पोलिसात कोणी नाहीच. दवाखान्यात विचारतात, तर तिथे कोणी पोर मेलेली नाही. झाले! बर्लिंग नवराबायको मोकळा श्वास सोडतात. फसवले आपल्याला, म्हणून हसू लागतात. जेराल्ड तर शीलापुढे पुन्हा अंगठी धरतो. शीला व एरिक मात्र म्हणतात की, फौजदार खरा असो की खोटा, आपण जे केले ते तर खरेच आहे ना? शीला अंगठी लगेच घेत नाही. इतक्यात टेलिफोन वाजतो: एक पोर आत्ताच दवाखान्याच्या वाटेवर मेली आहे, व फौजदार चौकशीला येत आहे. पडदा पडतो.

थापटणे खोटे निघाले म्हणून मडके पक्के होत नाही, एवढे एक वाक्य तुम्ही या नाटकातून घरी न्यावे. मोठ्या घरांची सवय अशी असते की, दोष अंगाशी आला म्हणजे प्रथम विचारावयाचे, सांगणारा कोण? त्याला अधिकार काय? कागद आहे काय? सांगणारा लहान ठरला, की सांगितलेले खोटे ठरले. ही युक्ती आपल्या लोकांनी हजारो वर्षे सोसली आहे.

आता आपल्या मराठी नाटकाकडे वळू. थापटणे हाती घेणारा पहिला पुरुष आपल्याकडे कोण? आमच्या मते जोतीराव फुले. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात श्रीमंताचे घर नाही. कुणब्याचे घर आहे. बाई गरोदर आहे, जोशी दारी येतो, ग्रहांचे भय घालतो, आणि नवराबायकोची होती नव्हती ती पुंजी खाऊन जातो. तिथे विदूषक उभा राहून फसवणाऱ्याला व फसणाऱ्याला, दोघांनाही टोचतो. शेवटी ती नवराबायको शिकावयाचे ठरवतात. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. पुढे सव्वाशे वर्षे ते छापूनही आले नाही. इथे एक गोष्ट टिपून ठेवा. जोतीरावांनी जोशाला दोषी ठरवले, पण कुणब्यालाही मोकळे सोडले नाही. तू शिकला नाहीस म्हणून फसलास, आता शीक, असे त्याला सांगितले. दोष दुसऱ्याचा असला तरी पुढची जबाबदारी आपली, ही सत्यशोधकांची शिकवण तेव्हापासूनची आहे.

त्यानंतर १८९९ साली गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत थेरड्याला लग्नाचा सोस आला आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली लहान पोर त्याला द्यावयास निघाला आहे, आणि भद्रेश्वर दीक्षित मध्ये दलाली करतो आहे. थापटणे फिरवून पाहा. म्हातारा म्हणणार, मी पैसे मोजले, जबरदस्ती केली नाही. बाप म्हणणार, मुलगी मोठ्या घरी पडते आहे. मध्यस्थ म्हणणार, मी दोन घरे जुळवली, एवढेच. गाव म्हणणार, शास्त्राला मान्य आहे, आम्ही काय बोलावे? त्या पोरीला मात्र कोणी विचारीत नाही, आणि शेवटी ती नदीत जीव द्यावयास निघते.

लग्न मोडते हे खरे. परंतु ते कशाने मोडते? वधूवरांचे गोत्र एकच निघते, म्हणून! म्हाताऱ्याने पोर विकत घेणे हा दोष पुरेसा झाला नाही. गोत्राची अडचण दाखवली तेव्हा कुठे लग्न थांबले. देवलांनी त्या काळच्या समाजाचे खरे माप दाखवले असे आम्ही म्हणतो. गोत्र निराळे असते तर शारदेचे काय झाले असते, हा प्रश्न प्रेक्षकांनी घरी न्यावयाचा होता. पुष्कळांनी पदे तेवढी घरी नेली. पुढे १९२९ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला. त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले. ते नाव हरबिलास सारडा या गृहस्थांवरून पडले, नाटकावरून नव्हे. आज कायद्याने मुलीला अठरा व मुलाला एकवीस वर्षे पुरी लागतात. तरी आपल्या मराठवाड्यात अठराच्या आत पोरींची लग्ने लागतात, आणि विचारले तर बाप, मामा, मध्यस्थ, भटजी व मांडववाला हे सारे पुन्हा म्हणतात की, मी एवढेच केले.

आता श्रीमंत घराचे तिसरे नाटक घेऊ. महेश एलकुंचवार हे यवतमाळ जिल्ह्यातील पारवा गावचे, जमीनदार घराण्यात जन्मलेले. त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. आपल्याच जातीच्या, आपल्याच थराच्या घराच्या भिंती आतून खरवडून दाखवावयास धैर्य लागते. ते या लेखकाने केले, म्हणून त्यांचा मान केला पाहिजे. मोठ्या घरातून आलेला माणूस खरे बोलत असेल तर सत्यशोधकाने त्याची जात पाहू नये.

विदर्भातील धरणगाव या खेड्यात देशपांड्यांचा वाडा आहे. घरचा कर्ता म्हातारा वारला आहे. थोरला भास्कर घरी आहे. धाकटा सुधीर बायकोसह मुंबईहून आला आहे. जमीन आटली, पैसा आटला, वाड्याला भेगा पडल्या. परंतु तेरावे पूर्वीच्या डौलाने झाले पाहिजे, कारण देशपांड्यांचे नाव आहे. दारात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको: चालू ट्रॅक्टर नांगरतो, आणि बंद ट्रॅक्टर वतनाप्रमाणे नुसता दारी दिसतो.

या घरात दोषाची वाटणी कशी होते ते पाहा. भास्कर म्हणतो, मी इथे राहून सारे सांभाळले, तू मुंबईला मजेत राहिलास. सुधीर म्हणतो, मला तरी काय मिळाले, सारे तुझ्याच हाती आहे. दोघेही थोडे खरे बोलतात, आणि दोघेही मेलेल्या बापाकडे बोट करून थांबतात. परंतु या घराचे ओझे उचलले कोणी? चंदू नावाचा एक भाऊ आहे. त्याच्याकडून घरच्या गड्यासारखे काम घेतले जाते, तो तक्रार करीत नाही, आणि त्याच्या पायाच्या दुखण्याकडे कोणी नीट पाहत नाही. प्रभा नावाची बहीण आहे. तिला शिकावयाचे होते. बापाने जाऊ दिले नाही. ती त्याच भिंतींच्या आत वाळून गेली. घरात पिढीजात सोने आहे, ते डब्यात राहिले. त्या सोन्याने प्रभा शिकली नाही व चंदूचा पाय बरा झाला नाही. शेवटी भास्करची मुलगी रंजू ते दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळाली. ती परत आली, पण सोने आले नाही.

घरातले म्हणतात, पोरीने घराची अब्रू घालवली. आम्ही विचारतो, जे सोने बहिणीच्या शिक्षणाला कामी आले नाही, भावाच्या औषधाला कामी आले नाही, ते घरात असून कोणाच्या उपयोगी होते? रंजूने चोरी केली हे खरे. परंतु प्रभाचे आयुष्य चोरले ती चोरी कोणाच्या पंचनाम्यात लिहावयाची?

आणखी एक पाहा. विलायतेच्या नाटकात इव्हा स्मिथ एकदाही रंगभूमीवर येत नाही. तिच्याविषयी सारे बोलतात, ती दिसत नाही. आपल्या वाड्याच्या नाटकात जी दिसतात ती सारी घरचीच माणसे. वाड्याचा चिरा ज्या पाथरवटाने घडवला, तुळई ज्या सुताराने बसवली, तेराव्याच्या जेवणाचा दाणा ज्या कुणबिणीने खुडला, ती माणसे पडद्यामागे आहेत. घर तर त्यांच्यावरच उभे आहे. कोणी म्हणेल, हा लेखकाचा दोष. आम्ही तसे म्हणत नाही. वाड्याच्या आतून पाहिले म्हणजे बाहेरची माणसे दिसत नाहीत, हेच वाड्याचे खरे चित्र आहे. बाहेरून पाहण्याचे काम आपले.

इथवर ऐकून तुमच्यापैकी काहींना मनातून बरे वाटले असेल. कारखानदार गोऱ्यांचा, थेरडा भटांचा, वाडा देशपांड्यांचा. आपण कुणबी, माळी, धनगर, कुंभार, सुतार, आपल्याला काय त्याचे? बंधूंनो, आता थापटणे तुमच्या-आमच्या डोक्यावर येत आहे. सावध बसा.

वाडे एकट्या देशपांड्यांचे कधीच नव्हते. देशमुखांचे होते, पाटलांचे होते. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तो १९४८ साली सुटला. १९५० साली हैदराबाद संस्थानचा कूळकायदा झाला व कित्येक कुळे जमिनीची धनी झाली. धरणे झाली, ऊस आला, साखर कारखाने निघाले, शाळा-कॉलेजे निघाली. हे चांगले झाले; याचसाठी आपल्या वाडवडिलांनी चळवळ केली. परंतु त्यातून बहुजन समाजातही नवे वाडे उभे राहिले आहेत. चिऱ्याच्या जागी सिमेंट आले व घोड्याच्या जागी मोटार आली. आता प्रश्न असा की, त्या सिमेंटच्या वाड्यात प्रभा आहे की नाही?

आहे. तिचे नाव तुम्ही सगळे जाणता. ती तुमची बहीण आहे. बाप वारला की तेराव्याच्या आगेमागे एक कागद पुढे येतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. त्यावर लिहिलेले असते की, मी स्वखुशीने माझा हिस्सा भावास सोडते. स्वखुशी कशी असते ते आम्ही सांगावयास नको. सही केली तर साडीचोळी व दिवाळीचे बोलावणे. न केली तर माहेर तुटले. कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने १९९४ साली वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हक्क दिला. २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मतःच आहे, २००५ च्या आधी बाप वारला असला तरी तेवढ्याने तो जात नाही. कायदा बहिणीच्या बाजूने आहे. तिच्या विरुद्ध फक्त आपण आहो.

थापटून पाहा. भाऊ म्हणतो, तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा. वहिनी म्हणते, मी माझ्या माहेरी मागितला नाही, हिने का मागावा? आई म्हणते, भावाबहिणीत वितुष्ट नको. कागद लिहिणारा म्हणतो, मी शाईचे पैसे घेतले. सारे म्हणतात, मी एवढेच केले. आणि ज्या लग्नाच्या खर्चाचा दाखला देतात तो हुंडाही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे! म्हणजे एका बेकायदेशीर गोष्टीची वजावाट दुसऱ्या कायदेशीर हक्कातून घ्यावयाची, असा हा आमचा हिशेब.

आता आमच्या इव्हा स्मिथकडे या. तिच्यासाठी विलायतेला जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातून व शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती फेडीपर्यंत फडात राबावयाचे. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. बाईला दिवस गेलेले असोत, अंगावर जात असो, कोयता थांबत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचा बोभाटा झाला, व सरकारला चौकशीची समिती नेमावी लागली. थापटणे फिरवा. डॉक्टर म्हणतो, तिनेच मागितले. नवरा म्हणतो, खाडा परवडत नाही. मुकादम म्हणतो, उचल मी दिली आहे, ती कोण फेडील? कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नव्हेच, मुकादमाची आहे. साखर खाणारा काहीच म्हणत नाही, त्याला कोणी विचारलेलेच नाही. बर्लिंगच्या घरी पाच जण होते. इथे किती झाले ते तुम्हीच मोजा. आणि यांतले मुकादम, संचालक, ऊस पिकवणारे बागाईतदार हे बहुतेक आपल्याच बहुजन समाजाचे आहेत. भटशाहीला दोष देऊन ही बेरीज सुटणार नाही.

कोणी म्हणेल, सगळ्यांचाच दोष म्हटला म्हणजे कोणाचाच उरत नाही. ही शंका खरी आहे, व लबाड माणूस या शंकेचाच आसरा घेतो. यावर उत्तर शेतकऱ्याच्या घरात तयार आहे. वडिलार्जित जमीन सगळ्यांची असते म्हणून ती कोणाचीच नसते काय? तिथे आपण साखळी टाकतो, गुंठा गुंठा मोजतो, बांधावरच्या आंब्याचाही हिस्सा लावतो. मग दोषाचीही वाटणी तशीच करावी. ज्याच्या हाती जास्त सत्ता, ज्याच्या घरात जास्त पैसा, त्याच्याकडे जास्त हिस्सा. कारखान्याचा मोठा, मुकादमाचा त्याहून कमी, नवऱ्याचा त्याहून कमी. पण कोणाच्याही खाती पूज्य मांडावयाचे नाही. मिळकतीच्या वाटणीला सारे पहाटे हजर आणि दोषाच्या वाटणीला एकही पाटावर बसत नाही, ही रीत मोडली पाहिजे.

तसेच नुसते रडणे ही जबाबदारी नव्हे. देवळात कान पकडले, पंढरीला जाऊन आलो, सप्त्याला पंगत दिली, म्हणजे दोष फिटला असे मानणे ही भिक्षुकांनी शिकवलेली सोय आहे. जिचे नुकसान झाले तिच्या पदरात काय पडले, एवढेच विचारावे. बहिणीचा हिस्सा सातबाऱ्यावर चढला की नाही? कोयत्याच्या बाईला आजारपणाच्या दिवसाचा खाडा माफ झाला की नाही? शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या सांगण्यावरून लक्ष्मीमुक्तीची मोहीम केली तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली होती. ते करणारे काही मोठे वतनदार नव्हते, तुमच्यासारखेच होते. याला आम्ही जबाबदारी म्हणतो.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. यंदाच्या जत्रेत नाटक बसवणार असाल तर राजेरजवाड्यांच्या तलवारी थोड्या बाजूला ठेवा आणि एका घराचे नाटक बसवा. आपल्या सत्यशोधक जलसेवाल्यांनी गावोगाव हेच केले. लोक हसत हसत घरी गेले व रात्री जागे राहिले. हक्कसोडीचा कागद, बहीण, भाऊ, वहिनी व लिहिणारा एवढी पात्रे पुरेत. पडदा पडल्यावर निघून जाऊ नका. अर्धी घटका तिथेच बसा, बायकांना बोलू द्या, आणि प्रत्येकाने आपला हिस्सा सांगावा. जो बोलेल त्याची टिंगल करू नका. कच्चे मडके आव्यात जात असता त्याला हसणारा कुंभार कोणी पाहिला आहे काय?

आणि ज्यांच्या घरी या वर्षी वाटणी व्हावयाची आहे त्यांनी बहिणीपुढे कागद ठेवण्याआधी तिचा हिस्सा तिला मोठ्याने वाचून दाखवावा. किती एकर, किती गुंठे, कोणता गट, सारे सांगावे. मग ती ठेवील की सोडील ते तिचे तिने पाहावे. एवढे ज्या घरी होईल त्या घरचे मडके पक्के.

सत्याचा जय असो.